कार्ड घासा, पण हक्कानं!

क्रेडिट कार्ड घरी येतं तेव्हा त्याच्यासोबत घड्या घातलेला एक लांबलचक कागदही येतो. कार्ड पाकिटात जातं, कागद रद्दीत. आपण बँकेला काय काय देणं लागतो, ते त्या कागदावर सविस्तर असतं. बँक आपल्याला काय देणं लागते, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानं १९८० साली ‘सेंट्रलकार्ड’ आणलं, तेव्हा क्रेडिट कार्ड ही बड्या लोकांची मिजास होती. आज ते कॉलेज संपवून पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलाच्या खिशातही असतं. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले आणि १ जुलै २०२२ पासून ते लागू झाले. त्यांच्या आधीची आणि नंतरची परिपत्रकं वेगळीच. वाचायला कोरडी, पण त्यातले आकडे भलतेच कामाचे! बँकेला अमुक दिवस, ग्राहकाला तमुक दिवस, मुदत चुकली की इतके रुपये दंड. ज्याला मुदती पाठ, त्याचे पैसे शाबूत. चला तर, आकड्यांवर बोट ठेवत जाऊ.

६०,००० बिनबुलाए पाहुणे

सप्टेंबर १९५८. कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो शहर. बँक ऑफ अमेरिकानं तिथल्या रहिवाशांना टपालानं तब्बल ६०,००० कार्डं धाडली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी मागितलीही नव्हती. पाकीट फोडलं की उधारीची सोय हातात! योजना पुढे राज्यभर पसरली तशी कार्डं चोरीला गेली, बिलं थकली आणि बँकेला सुरुवातीला चांगलाच चटका बसला. पण धंदा रुजला. हेच ‘बँकअमेरिकार्ड’ १९७६ मध्ये ‘व्हिसा’ झालं. न मागता कार्डं पाठवण्याच्या या हौसेला अमेरिकेनं १९७० मध्ये कायद्यानं लगाम घातला.

दुप्पट परत

आपल्याकडे टपालाच्या जागी फोन येतो. “सर, तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, लाइफटाइम फ्री, फक्त पत्ता कन्फर्म करा.” पत्ता सांगितला म्हणजे कार्डाला होकार दिला, असं होत नाही. ग्राहकाची स्पष्ट संमती नसताना कार्ड दिलं किंवा जुनं कार्ड परस्पर ‘वरच्या दर्जाचं’ करून त्याचं बिल लावलं, तर बँकेनं तो आकार ताबडतोब रद्द करायचा आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. म्हणजे ९९९ रुपये वार्षिक शुल्क लावलं असेल, तर ते रद्द होऊन वर १,९९८ रुपये तुमच्या पदरात. नियमाची भाषा ‘कुरकुर न करता द्या’ अशा थाटाची आहे. तेव्हा न मागितलेल्या कार्डाचं बिल आलं, की कात्री शोधण्याआधी ईमेल लिहा.

३० दिवस पडून राहिलं तर

कार्ड आलं, ड्रॉवरमध्ये पडलं, सुरूच केलं नाही. अशा वेळी ३० दिवस उलटल्यावर बँकेनं ओटीपीद्वारे तुमची संमती मागायची. तुम्ही होकार दिला नाहीत, तर विचारल्यापासून सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं, तेही फुकट. आणखी एक गंमत म्हणजे कार्ड सुरू होण्याआधी बँक त्याची माहिती ‘सिबिल’सारख्या पतमाहिती कंपन्यांना कळवूच शकत नाही. ड्रॉवरमधलं कार्ड तुमच्या पतगुणांना हात लावत नाही.

एरियल १२

सरकारी नियमात अक्षराचा टाइप आणि आकार ठरवलेला पाहिलाय कधी? इथे आहे! कार्डाच्या सर्वांत महत्त्वाच्या अटी किमान ‘एरियल १२’ आकारात छापल्या पाहिजेत, असा दंडक आहे. भिंगातून वाचाव्या लागणाऱ्या अटींवरचा हा उतारा. शिवाय अर्जासोबत व्याजदर, शुल्क वगैरेंची एका पानाची ठळक माहिती देणं बंधनकारक. अर्ज नाकारला, तर नेमकं कारण लेखी कळवणंही बंधनकारक. आणि कार्डाच्या अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, कळेल अशा शब्दांत द्याव्यात असं निर्देशच म्हणतात. महाराष्ट्रात स्थानिक भाषा कुठली, हे वेगळं सांगायला नको. मराठीत अटी मागायला लाजू नका.

एक महिना आधी सांगा

लाउंजची फुकट भेट बंद, भाडं भरल्यावर नवा आकार, इंधनावर नवी मर्यादा... अशा बातम्या कार्डधारकांच्या इनबॉक्समध्ये अधूनमधून येतात आणि न वाचता पुसल्या जातात. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. मागच्या तारखेपासून शुल्क वाढवता येत नाही. आणि वाढलेलं शुल्क तुम्हाला परवडत नसेल, तर त्या कारणानं कार्ड परत करताना बँक बंद करण्याचा वेगळा आकार घेऊ शकत नाही. ईमेल पुसण्याआधी एवढं आठवा.

पंधरवड्याची उसंत

बिल हातात पडतं आणि भरण्याची तारीख परवाचीच, असं चालत नाही. बिल पाठवणं आणि व्याज सुरू होणं, यात किमान एक पंधरवडा हवाच. पगार सात तारखेला आणि कार्डाचं बिल तीन तारखेला, अशी ओढाताण होत असेल तर आणखी एक हक्क वापरा. बिलाचं चक्र आपल्या सोयीनं निदान एकदा बदलून मागता येतं. कितीतरी विलंब शुल्कं या एका अर्जानं वाचू शकतात.

तीन दिवसांची माफी

भरण्याची तारीख काल गेली आणि आज आठवलं? घाबरू नका, पण लगेच भरा. थकबाकी तीन दिवसांहून जास्त काळ राहिली, तरच बँकेला विलंब शुल्क लावता येतं किंवा पतमाहिती कंपनीला खातं ‘थकीत’ असल्याचं कळवता येतं. आणि शुल्क लावताना गणित कशावर करायचं, तेही ठरलेलं आहे. ४०,००० चं बिल, तुम्ही ३८,००० भरले, तर विलंब शुल्काचा हिशेब उरलेल्या २,००० वर व्हायला हवा. पूर्ण ४०,००० वर नव्हे. बिलावर हा आकडा तपासायला दोन मिनिटं लागतात.

२,०६५ रुपयांचं मृगजळ

बिलावर दोन रकमा असतात. एक एकूण देय, दुसरी किमान देय. दुसरी छोटी असते आणि मोहक दिसते. समजा, ५०,००० रुपये पुढे ढकलले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचं व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. झाले २,०६५. एवढे भरले, तरी मुद्दल जिथल्या तिथे! शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही हातची जाते. आज घेतलेल्या भाजीवरही आजपासूनच व्याज. किमान रकमेवर रेंगाळलात तर फेड महिने-वर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशारा बिलावर छापणं बँकेला सक्तीचं आहे. न भरलेली शुल्कं आणि कर व्याजासाठी मुद्दलात मिसळायला मात्र बंदी आहे.

३० टक्क्यांची सोळा वर्षं

क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त किती व्याज लावावं? ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगानं उत्तर दिलं, की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकांनी टाळ्या वाजवल्या, बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयानं आयोगाचा तो निकाल रद्द केला. व्याजदरांचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, आयोगानं त्यात अशी मर्यादा घालणं त्याच्या अधिकाराबाहेरचं, असा निवाडा झाला. रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या व्याजाला ठरावीक आकड्याची मर्यादा घातलेली नाही. महिना साडेतीन टक्के म्हणजे साध्या हिशेबानं वर्षाला ४२ टक्के. या एका ठिकाणी कायद्याची ढाल पातळ आहे. इथे वाचायचं तर पूर्ण बिल वेळेवर भरणं, एवढाच मार्ग.

शून्य टक्क्यांची जादू

‘नो कॉस्ट ईएमआय’च्या पाट्या दिवाळीत आकाशकंदिलांइतक्याच लटकतात. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं. २०२२ च्या निर्देशांतही व्याज लपवून हप्त्याला ‘नो कॉस्ट’ म्हणायला मनाई आहे. मुद्दल, व्याज आणि आधी दिलेली सूट हे तिन्ही आकडे हप्त्यात रूपांतर करण्यापूर्वी तुम्हाला दिसले पाहिजेत. व्याजाइतकी सूट मिळाली, तरी व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क कुणाच्या माथी, ते विचारा. त्याच २०१३ च्या परिपत्रकात डेबिट कार्डानं पैसे देणाऱ्याकडून टक्केवारीनं जादा आकार उकळणाऱ्या दुकानदारांनाही चपराक होती. बँकांनी अशांशी संबंध तोडावेत, असं त्यात म्हटलं होतं.

१ ऑगस्ट २००९

ओटीपी यायला दहा सेकंद लागले, की आपण कावतो. पण ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसऱ्या खातरजमेची सक्ती भारतानं १ ऑगस्ट २००९ पासूनच केली. अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की काम झालं. ओटीपी नाही, काही नाही. आपल्याला ती सोय वाटते, चोराला पर्वणी. म्हणूनच पुढचा हक्क महत्त्वाचा.

बटण तुमच्या हातात

१ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर देशातलं एटीएम आणि दुकानातलं स्वाइप यंत्र एवढंच सुरू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार मुळात बंद. तुम्ही सुरू कराल तेव्हाच सुरू. प्रत्येक प्रकाराचं बटण आणि रकमेची मर्यादा दिवसरात्र कधीही बदलण्याची सोय बँकेनं ॲपवर किंवा अन्य मार्गानं द्यायलाच हवी. दुबईहून परतलात, की विमानतळावरच परदेशी व्यवहाराचं बटण बंद करा. पिन न टाकता टॅप करून देण्याची मर्यादा आधी २,००० रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. तुम्हाला ५,००० जास्त वाटत असतील, तर ॲपमध्ये ती कमी करा किंवा टॅपच बंद ठेवा.

दुकानाच्या चोपडीत कार्ड नाही

‘तुमचं कार्ड सेव्ह करू का?’ असं खरेदीचं संकेतस्थळ विचारतं. सेव्ह होतो तो कार्डाचा क्रमांक नसतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवायला बंदी आहे. त्याच्या जागी ‘टोकन’ नावाचा एक बदली क्रमांक ठेवला जातो आणि तो त्या कार्डापुरता, त्या व्यापाऱ्यापुरताच चालतो. संकेतस्थळावर दरोडा पडला, तरी चोराच्या हाती लागतो तो दुसरीकडे न चालणारा आकडा.

२४ तास आधी दवंडी

एक महिना फुकट म्हणून घेतलेलं सिनेमांचं ॲप वर्षभर गुपचूप पैसे कापत राहिलं, ही घरोघरची कहाणी. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी येणं बंधनकारक झालं. त्या सूचनेतूनच तो व्यवहार किंवा पूर्ण परवानगी रद्द करता येते. विनाओटीपी कपातीची मर्यादा ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये ती १५,००० झाली. म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखावर नेली. सूचना येते, फक्त ती वाचायची असते.

तीन, सात आणि शून्य

आता सगळ्यांत मोलाचा आकडा. तुम्ही पुण्यात झोपलेले आणि तुमच्या कार्डावर भलत्याच देशात बूट विकत घेतले गेले. नुकसान कुणाचं?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं याची उतरंड लावून दिली. चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी भोक पडलं, तर घड्याळ सुरू होतं. बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर जबाबदारी शून्य. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलंत, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर तुमचं नुकसान जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये. सात दिवस उलटले, की बँकेच्या संचालक मंडळानं ठरवलेलं धोरण लागू.

आणि तुम्हीच कुणाला ओटीपी सांगितला असेल तर? मग तुम्ही बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. म्हणूनच फसलो हे लक्षात आल्यावर लाजेनं गप्प बसणं सर्वांत महाग. दहा मिनिटं आधी केलेला फोन हजारो रुपये वाचवू शकतो.

दहा दिवसांत जमा, नव्वद दिवसांत निकाल

याच परिपत्रकाचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे. तुम्ही कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं वादातली रक्कम तात्पुरती जमा दाखवायची, विम्याच्या दाव्याची वाट न पाहता. तक्रारीचा निकाल ९० दिवसांच्या आत लावायचा आणि तोवर क्रेडिट कार्डधारकावर व्याजाचा बोजा पडू द्यायचा नाही. आणि कळीचा मुद्दा म्हणजे ग्राहक चुकला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. “ओटीपी टाकला गेला म्हणजे तुम्हीच दिला असणार,” एवढं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत. २०२२ च्या निर्देशांतही फसवणूक म्हणून आक्षेप घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत आकार लावायला मनाई आहे. साध्या बिलाबद्दल शंका असेल, तर पुराव्यानिशी खुलासा मागा, बँकेनं तो ३० दिवसांत द्यायचा.

१०० रुपये रोज

दुकानात कार्ड घासलं, मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेश आला, पण दुकानदाराचं यंत्र म्हणतं ‘व्यवहार फसला’. दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागतात आणि पहिले अधांतरी. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. सहाव्या दिवसापासून रोज १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, तरी हाच हिशेब. भरपाईसाठी अर्ज करावा लागू नये, ती आपोआप यावी, अशी अपेक्षा आहे. आली नाही, तर मागा.

चार्जबॅक नावाचं ब्रह्मास्त्र

ऑनलाइन फ्रिज मागवला, पैसे कापले, फ्रिज आला नाही, विक्रेता फोन उचलत नाही. रोख दिले असते तर हात चोळत बसलो असतो. कार्डानं दिल्यामुळे एक वाट उरते. आपल्या बँकेकडे ‘व्यवहारावर आक्षेप’ नोंदवायचा. आपली बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत, विक्रेत्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. विक्रेत्याला माल पोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. देता आला नाही, तर पैसे परत. हाच चार्जबॅक.

माल आलाच नाही, वेगळाच किंवा फुटका आला, रद्द केलेल्या खरेदीचा परतावा मिळाला नाही, एकाच खरेदीचे दोनदा कापले, अशी कारणं यात चालतात. ‘रंग आवडला नाही’ हे चालत नाही. नेटवर्कच्या नियमांत अनेक प्रकारांसाठी १२० दिवसांची मुदत असते, पण अनेक बँका आपल्या ग्राहकाला त्याहून कमी मुदत देतात. म्हणून वाट पाहू नका. मागणीचा क्रमांक, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, फुटक्या मालाचा फोटो हे सगळं जोडून पाठवा.

एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे चार्जबॅक हा नेटवर्कचा नियम आहे. ब्रिटनमध्ये त्याच्या जोडीला थेट कायदा आहे. तिथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूबद्दल विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार असते, अगदी फक्त आगाऊ रक्कम कार्डानं दिली असली तरी. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या भाचीला सोफा घेताना हे जरूर कळवा. न्यू जर्सीतल्या पुतण्यासाठी अमेरिकेचा १९७४ चाच कायदा आहे. बिलातल्या चुकीबद्दल ६० दिवसांत लेखी कळवायचं. कार्डाचा परस्पर गैरवापर झाला, तर तिथे ग्राहकाची जबाबदारी कायद्यानं ५० डॉलरपुरतीच.

परतावा कुठे जमा करायचा?

विमानाचं तिकीट रद्द झालं, १८,००० रुपये परत आले. बँकेनं ते गुपचूप कार्डाच्या मर्यादेत वळते केले. रोख पैसे हवे होते, हातात आली उधारीची जागा. नियम काय सांगतो? भरण्याची तारीख यायच्या आधी आलेला परतावा आधी त्या बिलातून वजा झाला पाहिजे. पण ज्याचे पैसे तुम्ही आधीच भरले आहेत, अशा खरेदीचा परतावा कार्डाच्या मर्यादेत वळता करायचा असेल आणि तो कार्डमर्यादेच्या एक टक्का किंवा ५,००० रुपये, यांतल्या लहान रकमेहून जास्त असेल, तर तुमची स्पष्ट परवानगी हवी. सात दिवसांत तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर पैसे थेट तुमच्या बँक खात्यात.

५०० रुपये रोज, कार्ड बंद होईपर्यंत

कार्ड घ्यायला दोन मिनिटं, बंद करायला दोन महिने! बंद करा म्हटलं, की गोड आवाजात नवी ऑफर सुरू होते. म्हणूनच इथला दंड सर्वांत झणझणीत आहे. बाकी शून्य असताना बंद करण्याचा अर्ज आला, की सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं, तर प्रत्येक दिवसामागे ५०० रुपये ग्राहकाला. बंद केल्याची खबर ताबडतोब ईमेल किंवा एसएमएसनं द्यायची. अर्ज टपालानंच पाठवा, अशी अट घालता येत नाही. हेल्पलाइन, ईमेल, ॲप, संकेतस्थळ हे मार्ग उघडे हवेत. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक कळवून ३० दिवसांनी स्वतःच बंद करू शकते. त्यात तुमचे पैसे जमा असतील, तर ते तुमच्या खात्यात आले पाहिजेत.

व्हिसा की रुपे?

कार्डावर कुठलं नेटवर्क हवं, हे पूर्वी बँक ठरवायची. ६ मार्च २०२४ च्या आदेशामुळे ६ सप्टेंबर २०२४ पासून तुम्ही ठरवता. नवं कार्ड घेताना पर्याय विचारणं बँकेला भाग आहे, जुनं कार्ड असेल तर नूतनीकरणाच्या वेळी. दहा लाख किंवा त्याहून कमी चालू कार्डं असलेल्या बँका आणि स्वतःच्याच नेटवर्कवर कार्ड देणाऱ्या कंपन्या यातून वगळल्या आहेत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, हे निवडताना ध्यानात ठेवा.

आठ ते सात

कर्ज थकलं म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पुन्हा बजावलं, की वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांना आणि मित्रांना फोन करून बोभाटा करणं, सगळंच वर्ज्य. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला, तरी जबाबदार बँकच. ‘डिफॉल्टर’ म्हणून पतमाहिती कंपनीला कळवण्याआधी ग्राहकाला तशी सूचनाही द्यावी लागते.

वर्षाला चार फुकट प्रगतिपुस्तकं

भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा. तीन महिन्यांनी एक अशा बेतानं मागितलात, तर वर्षभर फुकट लक्ष ठेवता येतं. फेडलेलं कार्ड अजून थकीत दिसतंय? तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर २०२४ पासून रोज १०० रुपये भरपाई.

शेवटचा अंक: १४४४८

बँकेनं दाद दिली नाही तर? पहिली पायरी म्हणजे बँकेकडे लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ पासून संपूर्ण देशासाठी एकच एकात्मिक योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन किंवा पत्रानं करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. २०२१ च्या योजनेत २० लाखांपर्यंत नुकसानभरपाई आणि मनस्तापापोटी वेगळे एक लाखापर्यंत देण्याची तरतूद होती.

त्याशिवाय ग्राहक आयोगाचं दार आहेच. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर दाखल करण्याची फी शून्य. अर्ज ‘ई-जागृती’वर घरबसल्या भरता येतो. महाराष्ट्राला हे लढे नवे नाहीत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये आली, आणि देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये. कायद्याच्या दशकभर आधीच इथले ग्राहक जागे झाले होते.

आता एक छोटं काम. मोबाइलमध्ये चार क्रमांक साठवा: तुमच्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा चोवीस तास चालणारा क्रमांक (कार्डाच्या मागे छापलेला असतो, पण कार्ड हरवल्यावर तो कुठून वाचणार?), सायबर फसवणुकीसाठी १९३०, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आणि लोकपालासाठी १४४४८. नियमांतले आकडे रिझर्व्ह बँक वेळोवेळी बदलते, म्हणून तक्रार लिहिण्याआधी तिच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम पाहा. आणि काहीही झालं तरी तोंडी भांडणावर थांबू नका. तारीख, रक्कम, नियम आणि मागणी, एवढ्या चार ओळी लेखी पाठवा. पोच घ्या, मुदत मोजा, आणि ती संपली की वरची पायरी चढा. मुदत चुकली तर बँक तुमच्याकडून विलंब शुल्क घेते. तिची मुदत चुकली, तर तुम्हीही भरपाई मागा.